शेजारच्या गॅरेजमधली 'जज': तपासणीच्या नोंदी

१३ एप्रिल २०२४, शनिवार. रॉचेस्टर हिल्स, मिशिगन

शेजारच्या आजींनी आज कुंपणापाशी हाक मारली. आमची मुलगी लहानपणापासून त्यांना आजी म्हणते, म्हणून मीही आजीच म्हणतो. त्यांना शब्दाचा अर्थ माहीत आहे आणि तो आवडतोही. आजोबा गेल्या ऑक्टोबरात गेले. गॅरेजमध्ये सुती आवरणाखाली त्यांची १९६९ची पॉन्टिअॅक जीटीओ 'जज' उभी आहे. भडक केशरी रंग, मागे रुंद स्पॉयलर, बाजूला पट्टे. २००६ साली रिस्टोअर केलेली घेतली होती, ऐंशी हजार डॉलरला. विमा एक लाख दहा हजारांचा आहे. अ‍ॅरिझोनातला मुलगा म्हणतो, विकून टाक. एका व्यापाऱ्याने गाडी न बघताच पंचेचाळीस सांगितले, दुसऱ्याने नव्वद, पण "बघून ठरवू" अशी पुस्ती जोडून.

आजींचा प्रश्न सरळ होता: "ही नक्की आहे तरी काय?"

मी म्हटलं, मी किंमत ठरवणारा नाही. पुण्यात आणि इथे मिळून एकतीस वर्षं बॉडी शॉपमध्ये स्पॉट वेल्डिंग बघितलं, पत्रा मला कळतो. बघतो, आणि दिसेल ते सांगतो. आवडलं नाही तरी सांगीन, हेही आधीच बोलून घेतलं.

१४ एप्रिल, रविवार

गाडीला हात लावण्याआधी घरचा अभ्यास.

१९६४ साली जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. जनरल मोटर्समधल्याच पॉन्टिअॅक विभागाच्या मंडळींनी, त्यांचा मुख्य अभियंता तेव्हा जॉन डीलॉरिअन होता, पळवाट काढली. नियम नव्या मॉडेलला होता, म्हणून जीटीओ हे मॉडेल न करता टेम्पेस्ट ल मान्स या चालू गाडीवरचा 'पर्याय' केला आणि त्यात ३८९ घन इंचांचं इंजिन घातलं. गिऱ्हाइकाने ऑर्डरच्या कागदावर खूण करायची, की झालं. वरच्या साहेबांना कळेपर्यंत गाड्या विकल्याही गेल्या होत्या. या हुशारीचा त्रास साठ वर्षांनी आपल्याला. १९६४ आणि ६५च्या गाडीचा चासी नंबर वाचून ती जीटीओ आहे की साधी ल मान्स, हे कळतच नाही. १९६६पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि तिच्या नंबरची सुरुवात २४२ने होऊ लागली.

पण 'जज' पुन्हा पर्यायच. १९६९च्या जीटीओवर सुमारे ३३२ डॉलर जादा भरले की जज. त्या वर्षी ७२,२८७ जीटीओ निघाल्या, त्यांतल्या ६,८३३ जज. या दोन आकड्यांमधल्या पासष्ट हजार गाड्यांपैकी कुठलीही गाडी स्टिकर, स्पॉयलर आणि टी-आकाराचा गिअरदांडा बसवून आठवडाभरात जज होते. सगळे भाग नवीन बनवलेले, कॅटलॉगमधून मिळतात. चासी नंबरात 'जज' नाही, बॉडीच्या टॅगवरही नाही. म्हणजे डोळ्यांना जे जे दिसतं त्यातलं काहीच पुरावा नाही.

पुरावा एकच, कागद. पॉन्टिअॅकचं नशीब असं की कारखान्याच्या जुन्या नोंदी टिकल्या, आणि 'पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस'कडून चासी नंबर देऊन गाडीच्या मूळ बिलाची प्रत मिळते. शेव्हरोलेवाल्यांना हे सुख नाही. अमेरिकेत बनलेल्या त्या काळच्या शेव्हरोलेची अशी नोंद नाही, तिथे सगळी भिस्त जुन्या मालकाने जपलेल्या कागदांवर. आजींची सही घेऊन आज अर्ज पाठवला.

२० एप्रिल, शनिवार

सकाळचे पाच तास बॉडीवर.

आधी विंडशील्डमधून दिसणारी नंबरपट्टी. २ म्हणजे पॉन्टिअॅक, ४२ जीटीओ, ३७ दोन दारांची हार्डटॉप, ९ म्हणजे १९६९, आणि 'पी' म्हणजे पॉन्टिअॅक शहरातला कारखाना. इथून वीस मिनिटांवर! पट्टीचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याचे, जनरल मोटर्सचे असतात तसे, छेडछाड दिसत नाही. गाडी निदान जीटीओ आहे, हे पक्कं.

मग बोनेट उघडलं. (इथे हूड म्हणतात, माझ्या तोंडात बोनेटच येतं.) फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर, बॉडी बनवणाऱ्या फिशर बॉडीचा टॅग. तारीख '०३बी', म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. आणि रंगाचा आकडा केशरीचा नाही! तो व्हर्डोरो ग्रीनचा आहे. गडद, जरा शेवाळी झाक असलेला हिरवा.

दोनदा वाचला. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारली. डाव्या कोपऱ्यात, वायरिंगच्या मागे, जिथे कुणी रंगारी हात घालत नाही तिथे, हिरवा. डिकीचं रबर एका टोकाला सोडवलं, त्याखालीही हिरवा.

सुरुवातीच्या जज सगळ्या केशरीच होत्या, कंपनी त्या रंगाला कॅरोसेल रेड म्हणायची. नंतर जीटीओच्या इतर रंगांतही मिळू लागल्या. जाहिरातीत मात्र लोकांच्या डोक्यात बसली ती केशरीच. त्यामुळे हिरव्या, निळ्या, पांढऱ्या जज पुढे रिस्टोरेशनच्या नावाखाली केशरी होत गेल्या. आज त्याच रंगाचा तोटा होतो, कारण आता ग्राहक टॅग वाचतो. ही गाडी केशरी करणाऱ्याने पैसे वाढवायला रंग दिला आणि पैसे कमी केले.

रंगाची जाडी मोजली. मापक हजारांश इंचात, म्हणजे मिलमध्ये आकडा देतो. छतावर ९ ते ११. फेरपेंट केलेल्या गाडीला हे चांगलंच. दारं १२. मागच्या दोन्ही क्वार्टर पॅनेलवर (मागच्या चाकाभोवतीचा बाजूचा पत्रा) चाकाच्या कमानीच्या वर १३, पण खालच्या अंगाला एके ठिकाणी एकदम ४१. पुट्टी. पुढच्या नाकावर मापक चालतच नाही, कारण १९६८पासून जीटीओचा पुढचा बंपर गाडीच्याच रंगाच्या लवचीक प्लास्टिकच्या आवरणाचा, 'एंड्युरा' नावाचा. मी क्षणभर मापक बिघडलं असं समजून सेल बदलले. एकतीस वर्षांचा अनुभव!

आता माझा प्रांत. डिकी रिकामी केली, गालिचा काढला. कारखान्यातला स्पॉट वेल्ड म्हणजे तांब्याच्या दोन टोकांत पत्रे दाबून विजेचा झटका; दोन्ही बाजूंना बशीसारखा गोल खळगा राहतो, आणि माणूस कंटाळलेला असला की अंतरं कमीजास्त होतात. गॅरेजमध्ये दुरुस्ती करताना वरच्या पत्र्याला भोक पाडून ते वेल्डने भरतात आणि मग घासतात. तिथे खळगा नाही, सपाट टिकली दिसते. आजींच्या गाडीत दोन्ही क्वार्टर पॅनेलच्या कडेला सपाट टिकल्या, एकसारख्या अंतरावर, फूटपट्टी लावल्यागत. म्हणजे पॅनेल बदललेली आहेत. डिकीचा तळ मात्र मूळचा, खळगे जागच्या जागी. मिशिगन-ओहायोच्या मिठाच्या रस्त्यांवर वाढलेल्या गाडीचा मूळ तळ टिकलाय हेच आश्चर्य. काम वाईट नाही. वाईट एवढंच की २००६च्या विक्रीपत्रकात "सर्व पत्रा मूळचा" असं लिहिलंय.

२४ एप्रिल, बुधवार

मूळ बिलाची प्रत आली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उघडली आणि डबा तसाच राहिला.

जज आहे! पर्यायांच्या यादीत स्वच्छ लिहिलेलं. रॅम एअर थ्री इंजिन, चारशे घन इंचांचं, ३६६ अश्वशक्तीचं, जजला तेच मिळायचं (चारशेच घन इंचांचं, पण अधिक तिखट रॅम एअर फोर हा आणखी पैसे भरून). चार गिअरची मॅन्युअल. रंग व्हर्डोरो ग्रीन. ओहायोतल्या एका डीलरला रवाना.

संध्याकाळी आजींना फोन केला. एवढंच म्हटलं, "जज खरी आहे, पण ती हिरवी होती." त्या बराच वेळ हसल्या.

२७ एप्रिल, शनिवार

आज नानांना घेऊन गेलो. नाना मूळचे कोल्हापूरचे, शिरोलीच्या फौंड्रीत आयुष्य काढलं, आता लेकीकडे असतात. लोखंड बघायला मिळणार म्हटल्यावर सकाळी सातलाच बूट घालून तयार.

'मॅचिंग नंबर्स' हा या बाजारातला मंत्र. १९६८पासून इंजिनावर गाडीच्या चासी नंबराचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. तो जुळला तर हे इंजिन याच गाडीबरोबर जन्मलं. पॉन्टिअॅकमध्ये ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या, पुढच्या तोंडावर, प्रवाशाच्या बाजूच्या हेडखाली (हेड म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग), दोन अक्षरी कोड असतो, आणि खाली टायमिंग कव्हरशेजारी चासी नंबराचा भाग.

कोड डब्ल्यूएस. १९६९चं रॅम एअर थ्री, मॅन्युअल. बरोबर. खालचा नंबर: २९पी आणि पुढे सहा आकडे. तेही पट्टीशी जुळतात. कागदावर सगळं चोख.

पण शिक्के मला आवडले नाहीत. का, ते धड सांगता येईना. आकडे जरा नाचतात, पण कारखान्यातही माणूसच ठोकायचा, सोमवारी सकाळी त्याचेही नाचायचे. वेडेवाकडे आकडे म्हणजे खोटे असं म्हणणारे तज्ज्ञ मी बरेच बघितलेत, आणि सरळ आकडे म्हणजे खोटे म्हणणारेही. मग आपली आरटीओची युक्ती केली. पासिंगच्या वेळी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तशी. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते कागदावर आलं: आकड्यांच्या खाली सगळीकडे बारीक गोलाकार रेघा. हाताने ग्राइंडर फिरवल्याच्या. नंबराच्या जागेबाहेर त्या रेघा नाहीत.

नाना एवढा वेळ मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरपाशी वाकून चिंधीने पुसत होते.

"अरे, इकडं ये. हे काय म्हणतंय?"

तिथे ब्लॉकची ओतल्याची तारीख असते. महिन्याचं अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. उठावदार, खडबडीत: ई १२ ९.

ए जानेवारी, बी फेब्रुवारी… ई म्हणजे मे. १२ मे १९६९.

गाडीची बॉडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडून दोन महिने झाल्यावर हे इंजिन अजून वितळलेलं लोखंड होतं.

नाना सरळ झाले, कमरेला हात लावून म्हणाले, "ठोकलेला आकडा आत जातो, तो घासून परत ठोकता येतो. ओतलेला वर असतो. तो घासला तर गेलाच, परत वर कुठनं आणणार? म्हणून त्या बाबानं हिकडं हातच लावला नाही. त्याला वाटलं, एवढं मागं वाकून कोण बघतंय!"

२८ एप्रिल, रविवार

काल रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून आज एकटाच परत गेलो. सुटकेच्या वाटा आहेत का, ते बघायला.

पहिली वाट: आजोबांच्या फायलीत विकणाऱ्याचं पत्र आहे. त्यात लिहिलंय की इंजिन मशीन करताना नंबर पुसट झाले, म्हणून "मूळ नंबर पुन्हा कोरून घेतले". शेव्हरोलेत हे खपून जातं. तिथे शिक्क्याची जागा हेड बसतं त्याच पातळीत असते, वरचा पृष्ठभाग मशीन केला की नंबर खरोखर जातो. पॉन्टिअॅकचे शिक्के पुढच्या तोंडावर असतात. वरचा पृष्ठभाग कितीही घासा, त्यांना धक्का लागत नाही. म्हणजे सबब शेव्हरोलेची, गाडी पॉन्टिअॅकची. तरी पत्र जपून ठेवायला हवं, कारण पुन्हा ठोकल्याची कबुली त्यातच आहे.

दुसरी: वॉरंटीत बदललेलं इंजिन. तसं असेल तर ब्लॉक नंतरचा असणारच, आणि त्यावर चासी नंबर नसता. बाजार अशा इंजिनाला समजून घेतो. इथे मात्र आधी घासलंय. कोऱ्या ब्लॉकवर घासायचं कारण काय? आधी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा नंबर असणार.

बाकीचं तपासलं. हेडवर ४८ हा आकडा, या इंजिनाला हवा तोच, आणि ओतल्याची तारीख बी १९ ९, फेब्रुवारी. गिअरबॉक्स मन्सीच्या कारखान्यातली, तिच्यावर पी९बी२५ए: २५ फेब्रुवारी १९६९, शेवटचा ए म्हणजे एम-२० हा प्रकार. तिच्यावरचा चासी नंबर जुळतो, आणि तिथे पेन्सिल घासली तर खाली रेघा नाहीत, नुसतं ओतीव खरबरीत अॅल्युमिनियम.

माझा तर्क: कधीतरी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटला. हेड आणि गिअरबॉक्स वाचले. त्याच वर्षाचा चारशेचा ब्लॉक आणून बसवला. इथवर सगळं प्रामाणिक, कुणीही हेच केलं असतं. नंतर बाजार चढला, २००५-०६ साली तर डोक्यावर गेला, आणि कुणीतरी आकडे ठोकायच्या पंचांचा संच विकत आणला.

५ मे, रविवार

नाना, मी, आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल, आणि मंडळातून आलेली हापूसची पेटी. नाना म्हणाले, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालतात, तसंच हे. मी म्हटलं, नाही नाना, उलट. आंबा देवगडचाच आहे. एक फळ बदललं गेलं, आणि ते लपवायला त्याच्यावर कुणीतरी खोटं स्टिकर लावलं.

हिशेब. इथे गाड्यांची प्रत एक ते चार अशी लावतात. एक म्हणजे प्रदर्शनातली, जिला रस्ता माहीत नाही. ही दिसायला दोनच्या जवळ, पुट्टीमुळे दोन उणे. अशा, पण सगळं मूळचं असलेल्या जजला आम्ही पंचाण्णव हजार धरले. अलीकडचे लिलावाचे निकाल बघून काढलेला आमचा आकडा आहे, दुसरा कुणी पाच-सात हजार इकडे तिकडे करील. इंजिन मूळचं नाही: वजा वीस. रंग बदलला: वजा नऊ. परत हिरवी करायची तर खर्च याहून जास्त येतो, पण तो ग्राहक आपला आपण बघेल. क्वार्टर पॅनेल: वजा चार. उरले बासष्ट.

नाना म्हणाले, "आणि खोट्या शिक्क्याचे किती?"

इथे आमचं जुंपलं. नानांचं म्हणणं, तो घासून टाका, ब्लॉक कोरा करा, "बदललेलं इंजिन" म्हणून विका, विषय संपला. मला ते पटत नाही. घासल्यावर तिसरं खोटं होतं, आणि ग्राहक विचारणार की हे कुणी घासलं, का घासलं. शिक्का आहे तसा ठेवायचा, फोटो काढायचे, शेजारी ओतल्याच्या तारखेचा फोटो लावायचा. मग वजा शून्य. आपण सांगितलं नाही आणि त्याने शोधून काढलं, तर नुसती बासष्टाची पन्नास होणार नाही, तो गाडीतून उतरून निघूनच जाईल. त्याला मग बिलही खोटं वाटेल, डिकीचा मूळ तळही.

नाना आंबा पिळत राहिले. पटलंय की नाही, कळलं नाही.

मला स्वतःला या सगळ्याची गंमतही वाटते. मे महिन्यात ओतलेलं इंजिन फेब्रुवारीत ओतलेल्याइतकंच पळतं. वीस हजार डॉलरचा फरक गाडीत नाहीच. पण मग जज आणि जीटीओ यांतला फरक तरी किती गाडीत आहे?

११ मे, शनिवार

आजींना सांगितलं. फोटो क्रमाने लावून, घाई न करता. चहा त्यांनी केला.

हिरव्या रंगाचं, पॅनेलचं त्यांनी शांतपणे ऐकलं. इंजिनाचं सांगितल्यावर विचारलं, "त्याला माहीत होतं?"

मी म्हटलं, पत्रात "पुन्हा कोरले" असं लिहिलंय ते त्यांनी वाचलं असणार, आणि ते खरं मानलं असणार. पॉन्टिअॅकचा नंबर कुठे असतो हे माहीत नसेल तर कुणीही मानील.

"तो दर रविवारी ते बोनेट उघडून बसायचा," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं."

डिस्ट्रिब्युटर मागे असतो, खाली वाकावं लागतं, आजोबांची कंबर धड नव्हती, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग वहीत आकडा लिहून घेतला, बासष्ट, आणि त्याच्याभोवती चौकोन काढला.

मुलाचा संध्याकाळी फोन. शिक्क्याचं जाहिरातीत लिहायलाच हवं का, त्याने विचारलं. मी म्हटलं, गाडी तुमच्या आईची आहे, त्यांना विचारा. त्यांनी त्याला काय सांगितलं ते माहीत नाही, पण नऊ वाजता आजींचा निरोप आला: सगळं लिहा.

१९ मे, रविवार

जाहिरातीचा मजकूर. मथळ्यात "खरी जज, मूळ बिलासह". दुसऱ्याच वाक्यात रंग. तिसऱ्यात: "ब्लॉक १९६९चाच, पण या गाडीचा नाही, त्यावरचा नंबर नंतर ठोकलेला आहे, फोटो पाहा." विचारलेली किंमत पासष्ट. चौसष्ट फोटो. आजोबांच्या फायलीतलं पत्रही स्कॅन केलं, विकणाऱ्याचं नाव झाकून.

१ जून, शनिवार

दोन आठवड्यांत अकरा जणांनी विचारलं. सात जणांना केशरी रंगाचंच कौतुक, त्यांनी बाकीचं वाचलंच नव्हतं. एकाने पंचेचाळीस म्हटलं, बहुधा तोच व्यापारी. एकाने दीड पानभर लिहून शिक्का खरा असल्याचं मला पटवून दिलं! बॅटरी चार्जरला लावून ठेवली. टायर २००६चेच आहेत, ते जाहिरातीत घालायचं राहून गेलं होतं, घातलं.

८ जून, शनिवार

ओहायोतून एक निवृत्त शिक्षक येऊन गेले. गुडघ्यांवर बांधायच्या पट्ट्या आणि छोटा आरसा घेऊनच आले. आजींशी हात मिळवला, नानांशी मिळवला, केशरी रंगाकडे एकदाही बघितलं नाही. थेट मागे जाऊन डिस्ट्रिब्युटरखाली आरसा धरला, ई १२ ९ मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही लिहिलंय तसंच आहे." मग डॅशबोर्डखाली झोपून हिरवा रंग बघितला. तिथे ते बराच वेळ होते.

साठ म्हणाले. आजींनी वही उघडून चौकोन दाखवला. बासष्टवर ठरलं. गाडी न्यायला ट्रेलर पुढच्या शनिवारी. पत्र, बिलाची प्रत आणि आमचे पेन्सिलचे कागद त्यांच्या फायलीत घालायचेत. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, आजींची सही, आणि आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत जवळ ठेवायची.